मराठी न येणारा दिग्दर्शक

सिंगापूरच्या बेडोक रेझर्व्हॉयरच्या काठानं सकाळी चालताना मी माझी नाटकातली वाक्यं मोठ्यानं म्हणत असे. घरी ते जमायचं नाही. मुलगा शाळेचं दप्तर भरत असायचा, नवरा फोनवर पुण्याच्या टीमशी बोलत असायचा, आणि मी "बाबा, मला आनंदच आहे" असं म्हटलं की दोघंही दचकून माझ्याकडे बघायचे. तळ्याकाठी असलं काही नव्हतं. तिथे हात मागे बांधून उलटे चालणारे चिनी आजोबा असत, टाळ्या वाजवत जाणाऱ्या बायका असत. त्यांच्यात स्वतःशी बोलणारी एक मराठी बाई सहज खपून जायची.

तिथल्या एका बाकावर एक उंच, गोरे, म्हातारे गृहस्थ बसलेले असायचे. खाकी हाफपँट, पायात जुने चामडी बूट, आणि हातात खाण्यापिण्याचे स्टॉल असलेल्या हॉकर सेंटरमधून आणलेली, प्लास्टिकच्या पिशवीतली कॉफी. मी त्यांच्यासमोरून जायची, पुढच्या वळणावरून परत यायची, आणि तेवढ्यात माझा एक प्रवेश पूर्ण व्हायचा. एके दिवशी त्यांनी मला हात करून थांबवलं.

"माफ करा," ते इंग्रजीत म्हणाले. "तुम्ही रोज जे म्हणता, त्यातलं तिसरं वाक्य तुम्हाला पटलेलं नाही."

मला आधी वाटलं, यांना मराठी येतंय. तसं मी विचारलं.

"ही मराठी आहे होय? नाही, एक अक्षर कळत नाही. पण पहिल्या दोन वाक्यांना तुमचा श्वास पोटातून येतो आणि तिसऱ्याला गळ्यातून."

तिसरं वाक्य म्हणजे तेच, 'बाबा, मला आनंदच आहे.' मला जरा रागच आला. मी म्हटलं, "ते वाक्य खोटंच आहे. ती मुलगी बापाशी खोटं बोलते."

"मग सोपं आहे. ती कोणाला फसवतेय? बापाला की स्वतःला? तुम्ही दोघांना एकदम फसवायला बघताय, त्यामुळे कोणीच फसत नाही."

मी पुढे गेले. पण वळणावर पोचेपर्यंत ते वाक्य मी दोन वेगळ्या पद्धतींनी म्हणून बघितलं होतं, आणि त्यातली एक बरोबर होती हे मला तिथल्या तिथे कळलं. परत येऊन मी त्यांच्या शेजारी बसले आणि विचारलं, "तुम्ही कोण?"

ते दक्षिण आफ्रिकेचे होते. आफ्रिकान्स भाषेच्या रंगभूमीवर आणि टीव्हीवर त्यांनी सारा जन्म काढला होता. आधी नट म्हणून, मग दिग्दर्शक म्हणूनही. बायको गेल्यावर मुलीनं त्यांना सिंगापूरला आणलं होतं. मुलगी एका आंतरराष्ट्रीय शाळेत शिकवायची, तळ्यालगतच्या कॉन्डोत, म्हणजे खासगी सोसायटीत, राहायची. "दिवसभर मी तिच्या घरात एखाद्या सुटकेससारखा पडून असतो," ते म्हणाले. तक्रारीच्या सुरात नव्हे. परिस्थिती अशी आहे, एवढंच.

माझं नाटकाचं वेड पुण्यातलं. कॉलेजात असताना मी एकांकिका केल्या, बक्षिसंही मिळवली. मग इंजिनिअर झाले, लग्न झालं, दोघांनाही इथे नोकऱ्या मिळाल्या आणि नाटक मागे पडलं. एका बँकेच्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करणाऱ्या टीमची मी मॅनेजर होते. काम चांगलं होतं, पगार चांगला होता, आणि नाटकाची आठवण आली तरी ती मी कोणाला सांगत नसे. मग इथल्या आमच्या मराठी मंडळानं वार्षिक कार्यक्रमासाठी दोन अंकी नाटक करायचं ठरवलं. विद्यापीठात पोस्टडॉक करणाऱ्या एका सांगलीच्या मुलानं ते लिहिलं होतं. बायको वारलेला एक निवृत्त शिक्षक सिंगापूरला मुलीकडे येतो आणि जेवणाच्या टेबलावर सांगतो की तो पुन्हा लग्न करणार आहे. एवढीच गोष्ट. मुलीचं काम माझ्याकडे आलं. तालमी सुरू झाल्या आणि आमच्या दिग्दर्शकाची कंपनीनं सिडनीला बदली केली. तेव्हापासून आम्ही एकमेकांना दिग्दर्शन करत होतो. म्हणजे भांडत होतो.

म्हणून बाकावरच्या त्या गृहस्थांना मी तालमीला बोलावलं.

पुंगोलच्या एका कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये आमची तालीम चालायची. वडिलांचं काम करणाऱ्या गृहस्थांना आम्ही त्यांच्या हुद्द्यावरून मॅनेजरसाहेब म्हणायचो; ते तिथे राहायचे, त्यामुळे ती खोली आम्हाला मिळायची. एमआरटी म्हणजे मेट्रो, मग एलआरटीचा तो छोटा डबा, असं करत आम्ही पोचलो. मी सगळ्यांची ओळख करून दिली. नावानं हाक मारायला कोणी धजेना आणि सर म्हटलेलं त्यांना आवडेना.

"आमच्याकडे माझ्या वयाच्या माणसाला ऊम म्हणतात," ते म्हणाले. "म्हणजे काका."

त्या दिवसापासून ते आमचे ऊम काका झाले. म्हणजे काका काका. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी नुसतं बघितलं. डोळे मिटून ऐकलं, मग कानांवर हात ठेवून बघितलं. शेवटी म्हणाले, "शब्दांची काळजी तुम्ही घ्या. मला फक्त सांगा, या प्रवेशात प्रत्येकाला काय हवंय?"

ते सांगता सांगता आमची दमछाक झाली. वडिलांना काय हवंय? मॅनेजरसाहेब म्हणाले, परवानगी. नाटककार म्हणाला, अजिबात नाही, त्यांना कोणाच्या परवानगीची गरज नाही, त्यांना सोबत हवी आहे. त्यावर अर्धा तास गेला. ऊम ऐकत होते. मराठीत चाललेलं ते भांडण त्यांना कितपत कळत होतं कोण जाणे, पण मध्येच ते म्हणाले, "हे आता जसं बोललात ना, अगदी असंच नाटकात बोलायचं."

मॅनेजरसाहेबांचा आवाज मोठा होता. शाळेच्या गॅदरिंगमध्ये कमावलेला आवाज. प्रत्येक वाक्य ते मागच्या रांगेला पोचवत. लग्नाची बातमी तर ते ध्वजवंदनाच्या भाषणासारखी सांगत. ऊमनी त्यांना आवाज कमी करायला एकदाही सांगितलं नाही. त्यांनी मला विचारलं, "तुमच्याकडे म्हातारी माणसं स्वयंपाकघरात बसून कुठलं काम करतात? अगदी सावकाश करायचं काम?" मी म्हटलं, भाजी निवडतात. पुढच्या तालमीला मी लिटिल इंडियातल्या टेक्काच्या बाजारातून मेथीच्या दोन जुड्या आणल्या. मॅनेजरसाहेबांनी जन्मात मेथी निवडली नव्हती. पान कुठलं ठेवायचं, देठ कुठला टाकायचा, यात ते इतके गुंतले की बातमी त्यांच्या तोंडून हळूच, जवळजवळ चुकून, बाहेर आली. ऊमनी माझ्याकडे बघून मान हलवली. पुढचं वाक्य माझं होतं, आणि ते मला म्हणावं लागलंच नाही. ते आपोआप आलं.

ऊमना 'थांबा' आणि 'परत' हे दोन शब्द लवकर आले. 'परत' ते 'पर्रात' असं म्हणायचे, त्यांच्या भाषेतल्या खरखरीत र नं. आम्ही त्या 'पर्रात'ला घाबरायला लागलो आणि त्याची वाटही बघायला लागलो.

सकाळी तळ्याकाठी आता आम्ही बरोबर चालायचो, आणि चालता चालता ते आपल्याबद्दल सांगायचे. मला त्यांच्या सांगण्यात एक गोष्ट फार आवडायची. त्यात खोटी विनम्रता नव्हती आणि बढाईही नव्हती. एखादा सुतार आपण केलेल्या कपाटांबद्दल सांगेल तसं ते आपल्या भूमिकांबद्दल सांगायचे.

त्यांचे वडील एका कोरड्या, सपाट मुलखातल्या छोट्या स्टेशनचे स्टेशनमास्तर होते. गावातल्या शाळेच्या हॉलमध्ये एकदा फिरती नाटक मंडळी आली. दुसऱ्या दिवशी न्याहारीला हा मुलगा नाटकातल्या खलनायकाच्या आवाजात बोलायला लागला. वडिलांनी त्याला न अडवता त्याच आवाजात उत्तर दिलं. "तेव्हा मला कळलं की हे घरी चालण्यासारखं आहे," ऊम म्हणाले. पुढे ते स्वतःच फिरत्या कंपनीत शिरले. बसच्या टपावर नेपथ्य बांधायचं, गावोगाव जायचं, शाळेत नाहीतर चर्चच्या हॉलमध्ये प्रयोग करायचा, आणि मुक्कामाला कोणा शेतकऱ्याच्या घरी मटण खायचं. राजे, खुनी, दारूडे मामा, पाद्री, सगळं केलं. एका गावात पाद्र्यानं आत येऊन सांगितलं, नाटकातली एक शिवी गाळा. यांनी गाळली. आणि प्रयोगात त्या जागी इतका वेळ गप्प राहिले की प्रत्येक प्रेक्षकानं ती शिवी मनातल्या मनात दिली.

त्यांच्या देशात टीव्ही फार उशिरा आला, तोवर त्यांनी तिशी ओलांडली होती. एका मालिकेत त्यांना खेड्यातल्या डॉक्टरचं काम मिळालं. ते इतकं गाजलं की दुकानात बायका आपल्या पोरांचे घसे त्यांना दाखवायच्या. "मीही बघायचो," ते म्हणाले. "आ कर म्हणायचो. काय करणार?" पण काही वर्षांनी डॉक्टर करून करून कंटाळा आला. मालिका जोरात असतानाच त्यांनी ती सोडली आणि दिग्दर्शनाकडे वळले. सगळ्यांनी वेड्यात काढलं. पहिलं नाटक पडलं. दुसरं चाललं. मधल्या काळात रेडिओवरच्या श्रुतिकांवर आणि जाहिरातींना आवाज देण्यावर घर चाललं.

"मी स्टार कधीच नव्हतो," ते एकदा म्हणाले. "पण लोक मला कामासाठी बोलवायचे. एवढं पुरतं." मग माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्ही काय करता?"

"टेस्टिंग मॅनेजर आहे. आणि हौस म्हणून नाटक."

"हौस," ते म्हणाले, आणि पुढे चालायला लागले.

आमच्या नाटकात एक नात होती, सिंगापूरमध्येच वाढलेली. तिचं काम करणारी मुलगीही इथेच वाढलेली, विद्यापीठात शिकणारी. आजोबांच्या बातमीनंतर सगळे गप्प झालेले असताना ती म्हणायची, "आजोबा, आयुष्य तुमचं आहे, निर्णयही तुमचाच असला पाहिजे." उच्चार तिनं घोटून घोटून स्वच्छ केले होते. ऊमनी तिला थांबवलं.

"हे वाक्य आलं की ही देवळात गेल्यासारखी उभी राहते. का?"

मुलगी हसली. म्हणाली, "कारण मी असं कधी बोलतच नाही."

"मग घरी आजोबांना हे कसं सांगशील?"

तिनं जराही विचार न करता सिंगलिशमध्ये, म्हणजे इथल्या सिंगापुरी इंग्रजीत, सांगितलं, "आजोबा, कॅन लाह. युअर लाइफ, वॉट."

आम्ही सगळे मोठ्यानं हसलो. ऊम हसले नाहीत. "हेच," ते म्हणाले.

नाटककाराला ते लगेच पटलं. आपलंच वाक्य त्यानं खोडलं. पण त्या दिवशी तालीम बघायला मंडळाचे सचिव आले होते. पन्नाशीचे, या शहरात सगळ्यांच्या आधी आलेले, मुलांसाठी मराठीचे वर्ग चालवणारे. ते उठून उभे राहिले.

"हे मंडळाचं नाटक आहे," ते मला म्हणाले. "आपण इथे मुलांना मराठी यावं म्हणून रविवार घालवतो, आणि स्टेजवर त्यांना हे ऐकवायचं? यांना काय, यांची भाषा नाही ही. तुम्हाला तरी कळायला हवं."

मी त्यांचं बोलणं ऊमना इंग्रजीत सांगितलं. काही गाळलं नाही. ऊमनी खुर्ची ओढली, सचिवांना बसायची विनंती केली आणि स्वतःही बसले. मग जे सांगितलं ते सगळ्यांसाठी होतं.

"आमच्या कंपनीत एक भाषा-सल्लागार होता," ते म्हणाले. "तालमीला बसायचा. इंग्रजी वळणाचा एखादा शब्द आला की पेन्सिल आपटायचा. आमची भाषा लहान आहे, ती इंग्रजीत बुडेल, ही त्याची भीती. भीती खरी होती. माझीही होती. म्हणून मी फार शुद्ध बोलायचो, आणि त्याचा मला अभिमान होता. पण आफ्रिकान्स घरात बोलणारे कितीतरी लोक गोरे नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या त्यांचीही तीच भाषा. आम्ही प्रयोग करायचो त्या हॉलमध्ये त्यांना बसायला परवानगी नव्हती. हॉल झाडायला होती. कधी कधी ते बाहेरून खिडकीशी उभे राहून ऐकायचे, आणि आतली भाषा आपली आहे की नाही हे त्यांना ठरवता येत नसणार. आम्ही जी भाषा वाचवत होतो तिच्यात त्यांना फक्त हुकूम ऐकू यायचे."

ऊमनी खुर्ची जरा पुढे सरकवली.

"खूप वर्षांनी, सगळं बदलल्यावर, मी एका बंदराच्या गावात नाटक बसवलं. मासेमारी करणाऱ्या घरांतले नट. ते घरी बोलतात तसंच स्टेजवर बोलले. अर्धं इंग्रजी, मधूनच शिवी, मधूनच प्रार्थना. माझे जुने प्रेक्षक मध्यंतरात उठून गेले. सगळे नाही, पण बरेच. आणि मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाई प्रयोगानंतर मला म्हणाल्या, की माझी भाषा मी नाटकात पहिल्यांदाच ऐकली. मी तोवर आयुष्यभर त्याच भाषेत नाटकं केली होती."

सचिव म्हणाले, "तुमची गोष्ट वेगळी आहे. आमच्या भाषेनं इथे कोणावर हुकूम चालवलेला नाही."

"खरं आहे," ऊम म्हणाले. "म्हणून तुम्हाला घाबरायचं कारण कमी आहे."

सचिवांना ते पटलं नाही. पण नाटक थांबवा असंही ते म्हणाले नाहीत. "जबाबदारी तुमची," असं मला सांगून गेले. मी म्हटलं, "हो, माझी." आणि मला त्या दोन शब्दांचं बरं वाटलं.

मग धुराचे दिवस आले. समुद्रापलीकडे इंडोनेशियातली जंगलं जळत होती, सिंगापूर पिवळट झालं होतं, लोक मास्क लावून फिरत होते. तळ्याकाठचं फिरणं बंद पडलं. एकदा ऊमनी मला फोन करून हॉकर सेंटरमध्ये बोलावलं. धुरामुळे तिथे गर्दी नव्हती. त्यांनी माझ्यासाठी कॉफी घेऊन ठेवली होती.

"मला परत बोलावलंय," ते म्हणाले. "एक नवीन मालिका. आजोबांचं काम आहे. लहान नाही, चांगलं मोठं."

"कधी?"

"पुढच्या आठवड्यात निघायचं."

आमचा प्रयोग तोंडावर आला होता. मी तसं म्हटलं. बरंच काही म्हटलं. की तुम्ही आमच्यात येऊन सगळं उलटंपालटं केलंत, आम्हाला जुन्या पद्धतीनं आता करता येणार नाही आणि नवीन पद्धत तुम्ही अर्धीच दाखवलीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"प्रयोग तुम्ही करणार आहात," ते म्हणाले.

"मी?"

"मग कोण? गेले कित्येक दिवस मी तोंड उघडायच्या आत तुम्ही तेच बोललेल्या असता. मी फक्त पर्रात म्हणतो."

मला त्यांचा रागच आला होता आणि तो कॉफी संपेपर्यंत गेला नाही. त्यांना जायचं वाईट वाटत नव्हतं, हे मला जास्त लागलं. ते आनंदात होते. पाठ ताठ झाली होती. घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "तुला उद्या दुसरीकडून चांगली ऑफर आली तर तू जुन्या प्रोजेक्टसाठी थांबशील का?"

"मी सत्तरीची नाहीये."

"म्हणून तर ते थांबत नाहीयेत," तो म्हणाला.

ते गेले. मॅनेजरसाहेब त्यांना आपल्या गाडीतून विमानतळावर सोडायला गेले आणि येताना त्यांचे डोळे लाल होते. धुरामुळे, असं ते म्हणाले.

दिग्दर्शन मी करायला लागले आणि पहिल्याच तालमीत अडकले. काम करताना मी बाकीच्यांकडे बघत होते. मॅनेजरसाहेब उभे राहिले की माझं लक्ष त्यांच्या पायांकडे, नात बोलली की तिच्या हातांकडे. माझी स्वतःची वाक्यं मी उरकत होते. ऊमनी मला एकदा सांगितलं होतं की त्यांनीही एका नाटकात दिग्दर्शन आणि मुख्य भूमिका दोन्ही केलं होतं. प्रयोगात ते नजरेनं सगळ्यांना जागा दाखवत होते. त्यांच्यासमोरच्या ज्येष्ठ नटीनं नाटकात नसलेली एक थप्पड त्यांना मारली आणि कानात म्हणाली, आता माझ्याकडे बघ. त्यांना ते जमलं. त्या थप्पडीनंतर तरी जमलं. मला थप्पड मारणारं कोणी नव्हतं.

आमच्याकडे प्रॉम्प्टिंग करणारी एक मुलगी होती. चोआ चू कांगहून, म्हणजे बेटाच्या पार दुसऱ्या टोकाकडून, प्रत्येक तालमीला वेळेवर यायची. नाशिकची. कोपऱ्यात बसून सगळ्यांची वाक्यं मनातल्या मनात म्हणायची. तालीम संपल्यावर मी तिला थांबवलं.

"माझं काम तू करशील?"

"अहो ताई, काहीतरीच काय," ती म्हणाली. "वाक्यं पाठ आहेत, पण ती बसून. उभं राहून मला काही येत नाही."

"मग उभी राहा."

ती उभी राहिली. मेथीचं ताट मध्ये ठेवलं, मॅनेजरसाहेबांनी बातमी सांगितली, आणि ती "बाबा, मला आनंदच आहे" असं म्हणाली. माझ्यापेक्षा वेगळं. ती स्वतःला फसवत नव्हती, बापालाही नाही. ती त्यांना खोटं बोलून एक भेट देत होती. मला ते सुचलंच नव्हतं.

घरी जाताना एमआरटीत मला फार वाईट वाटलं. पुणं सोडल्यापासून मी या कामाची वाट बघत होते आणि ते मी आपल्या हातानं देऊन टाकलं होतं. पण त्या वाईट वाटण्यातही डोकं चालूच होतं. ताट टेबलाच्या डावीकडे ठेवलं तर तिचा चेहरा दिसेल, तिला साडी नको, सलवार-कमीज हवी. बेडोकला उतरेपर्यंत मी तिसऱ्या प्रवेशावर पोचले होते.

एक गोष्ट मी ऊमच्या विरुद्ध केली. त्यांनी शेवट असा बसवला होता की वडील बॅग उचलून एकटेच निघून जातात आणि मुलगी त्यांच्याकडे बघत नाही. स्टेजवर ते छान दिसायचं. पण मला ते खरं वाटेना. एचडीबीच्या, म्हणजे सरकारी इमारतीतल्या, फ्लॅटमधून असं कोणाला निघून जाता येत नाही. लिफ्ट यायची असते. सगळं बोलून संपलेलं असतं, निरोपही घेऊन झालेला असतो, आणि लिफ्ट कुठल्यातरी दुसऱ्याच मजल्यावर अडकलेली असते. म्हणून मी मुलीला बापाबरोबर लिफ्टपाशी उभं केलं. दोघं दाराकडे तोंड करून उभी. काही बोलत नाहीत. ती त्यांची कॉलर सरळ करते. लिफ्ट येते. नाटककारानं ते बघितलं आणि म्हणाला, "ताई, मी शेवटचं पान फाडतो."

प्रयोग एका शाळेच्या सभागृहात झाला. मी विंगेत उभी होते. नातीनं "कॅन लाह" म्हटल्यावर सभागृह हसलं, सगळ्यात जास्त मुलं हसली. आणि मग मुलं गप्प झाली, कारण आजोबा रडत होते. लिफ्टच्या प्रवेशात एकाही खुर्चीचा आवाज झाला नाही. प्रॉम्प्टर मुलगी टाळ्या घेताना कोपऱ्यात सरकायला लागली तेव्हा मॅनेजरसाहेबांनी तिचा हात धरून तिला मध्ये आणलं.

सचिव नंतर आत आले. "सिंगलिश मला अजून पटलेलं नाही," ते म्हणाले. "पण माझी मुलगी शेजारी बसली होती. ते वाक्य आल्यावर तिनं माझ्याकडे बघितलं. बऱ्याच दिवसांनी." एवढं बोलून ते खुर्च्या मोजायला निघून गेले. पुढच्या वर्षीच्या नाटकाचं त्यांनी महिन्याभरात मलाच विचारलं.

प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी ऊमचा व्हिडिओ कॉल आला. ते शूटिंगच्या ठिकाणी होते, अर्ध्या मेकअपमध्ये. कौतुक वगैरे काही नाही. "काय चुकलं?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. मध्यंतर लांबलं, दुसऱ्या अंकात एकदा प्रकाश उशिरा आला. मग शेवट बदलल्याचं सांगितलं. त्यांनी मला लिफ्टचा प्रवेश दोनदा सांगायला लावला.

"माझा शेवट जास्त सुंदर होता," ते म्हणाले. "तुमचा जास्त चांगला आहे."

पुढच्या वर्षी मी नोकरीचे तास कमी करून घेतले. बॉसनं कारण विचारलं तेव्हा मी दिग्दर्शन करते असं सांगितलं. त्याआधी तो शब्द मी स्वतःसाठी कधी वापरला नव्हता. तो म्हणाला, ओके. दरवर्षी एक नाटक मी बसवत गेले. काही जमली, एक साफ पडलं. चोआ चू कांगची मुलगी आता आमची मुख्य नटी आहे आणि तालमीला उशिरा येते.

ऊमची मालिका मला इंटरनेटवर सापडली. सबटायटल्स नव्हती. मेंढ्यांच्या शेतावरचा एक हट्टी आजोबा, घरातल्या कोणाचंच न ऐकणारा. मी आवाज मोठा ठेवून बघायची. मुलगा विचारायचा, "आई, यू अंडरस्टँड मेह?" मी म्हणायची, "बऱ्यापैकी."

मग एक दिवस त्यांचा फोन आला. आवाज अगदी खुशीत होता.

"मारलं मला त्यांनी," ते म्हणाले. "काल शूट झालं. गोठ्याच्या दारात पडतो. फार चांगला मृत्यू लिहिला होता. शेवटचा टेक तर पाहण्यासारखा."

"मग आता?"

"आता गावातल्या शाळेत नाटक बसवतोय. शिक्षकांना घेऊन. सगळे मास्तर, सगळे मोठ्यानं बोलणारे. तुमचं काय चाललंय?"

मी तीन बहिणींचं एक नवीन नाटक घेतलं होतं, त्याबद्दल सांगितलं. त्यांनी विचारलं, सर्वांत धाकटीला काय हवंय? मी सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. मला माझंच बरोबर वाटत होतं, आणि मी तसं म्हटलं. त्यांनी मुद्दा मांडला, मी खोडला, त्यांनी पुन्हा दुसऱ्या बाजूनं मांडला. त्यांच्याकडे दुपार असावी, मागे कोंबड्या ओरडत होत्या. शेवटी कोणीतरी त्यांना जेवायला हाक मारली. "थांबा," ते त्या माणसाला मराठीत म्हणाले, आणि आम्ही मधलीबद्दल बोलायला लागलो.